मनकर्णाबाईंची टाकी आणि अमावस्येचे चार इंच

मनकर्णाबाई औताडे यांच्या घरामागची लोखंडी टाकी रोज सकाळी किती इंच वर आली, हे दिल्लीला कळावे अशी व्यवस्था होती. बाई सहा वाजता टाकीला पट्टी लावत आणि आकडा वहीत लिहीत. महिनाअखेर गावच्या शाळेतले यशया गुरुजी ते आकडे छापील तक्त्यावर उतरवून पुण्याच्या संशोधन कार्यालयाला पोस्टाने पाठवत. पुण्याहून त्यांचा गोषवारा दिल्लीला जाई. दिल्लीहून अनुदान येई ते पुण्यापर्यंत. पुण्याहून चिंचवेढ्याला येत ती पत्रे.

चिंचवेढे हे प्रवरेकाठचे गाव नेवाशापासून पाच मैलांवर आहे. १९७३चा पावसाळा बरा झाला, दुष्काळी छावण्या उठल्या, गुरे घरी परतली. त्याच सुमारास जिल्ह्यात दहा ठिकाणी गोबरगॅसची प्रायोगिक संयंत्रे बसवायचे ठरले. शेणातून मिथेन नावाचा जळणारा वायू निघतो हे सरकारला ठाऊक होते. खेड्यातल्या गोठ्यातून तो नक्की किती मिळतो हे ठाऊक नव्हते, आणि ते कळल्याशिवाय पुढच्या योजनेला किती तरतूद ठेवायची हे ठरत नव्हते. ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आखडले, रॉकेलच्या दुकानापुढे डबे रांगेत बसले आणि या दहा टाक्यांची किंमत दिल्लीत एकदम वाढली.

संयंत्र मिळण्याच्या अटी तीन होत्या. घरी किमान पाच मोठी जनावरे, जवळ पाणी आणि नोंद ठेवता येईल इतके लिहिता येणारे माणूस. दुष्काळानंतर पहिल्या अटीलाच बहुतेक घरे गळाली. पुंजाराम औताडे यांच्या गोठ्यात दोन बैलजोड्या, एक गाय आणि एक म्हैस शिल्लक होती. लिहिता येणारे माणूस मात्र पुंजाराम नव्हते. ते अंगठा उठवत. लिहिणाऱ्या होत्या त्यांच्या पत्नी.

मनकर्णाबाई माहेरच्या खर्ड्याच्या. तिथल्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आणि पंधराव्या वर्षी औताड्यांकडे आल्या. टाकी आली तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या आणि दोन्ही मुली संगमनेरकडे दिलेल्या होत्या. चुलीच्या धुराने त्यांचा डावा डोळा सहा वर्षे पाझरत होता. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की, धूर टाळा, नाहीतर हा डोळा राहणार नाही. घरातले जळण म्हणजे गोवऱ्या आणि तुरकाट्या. "धूर टाळायचा म्हंजी सैपाक टाळायचा," असे डॉक्टरांना सांगून त्या परत आल्या होत्या.

शेगडी पेटल्यापासून तिसऱ्या आठवड्यात डोळा पाझरायचा थांबला. ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात नोंदलेली नाही. तसा रकाना नव्हता.

संयंत्र तीन खात्यांचे मिळून होते. विटांच्या विहिरीचे अनुदान पंचायत समितीचे, विहिरीवर तरंगणारी टाकी पुण्याच्या कार्यालयाची, नळी आणि शेगडी तिसऱ्याच खात्याची. शेण पाण्यात कालवून विहिरीत सोडायचे, तीन-चार दिवसांनी आत त्याचा गॅस साठला की टाकी वर उचलली जाते, शेगडी पेटवली की हळूहळू खाली बसते. समजायला एवढेच होते. करारपत्र समजायला जड गेले. त्यातले नववे कलम गुरुजींनी दोनदा वाचले: 'नोंदी विसंगत आढळल्यास टाकी परत घेऊन अन्यत्र बसविण्यात येईल.'

"इसंगत म्हंजी?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"एकमेकींशी न जुळणाऱ्या."

"टाकी जशी वर यील तसं मी लिव्हनार. जुळवायचं काम कुनाचं, गुर्जी?"

गुरुजींनी कलम तिसऱ्यांदा वाचले. त्यात ते लिहिलेले नव्हते.

शेजारच्या लंकाबाईंना मात्र सगळे स्पष्ट होते. त्या रस्त्यावरचे शेण वेचून गोवऱ्या थापत आणि नेवाशाच्या बाजारात विकत. "शेनावर शिजीवलेला भात खाती का गं?" असे त्या कुंपणावरून विचारत.

"तू गवरीवर शिजीवती ती काय चंदनाची हाय व्हय?"

"माजी वाळल्याली हाय. तुजी वली."

तक्त्यात रकाने पाच होते. तारीख, जनावरांची संख्या, टाकीची सकाळची उंची, संध्याकाळची उंची, शेगडी किती तास जळाली. खाली बारीक अक्षरात एक टीप होती: 'दर मोठ्या जनावरामागे रोज दहा किलो शेण धरले आहे.' गुरुजींनी ती वाचली होती. कोणी काही धरले असेल तर आपण काय करायचे, असे वाटून पुढे गेले होते. पंचायत समितीच्या पत्रकात वेगळे होते: 'गोठ्यात उपलब्ध होणारे सर्व शेण संयंत्रात घालावे.' मनकर्णाबाईंनी हे पत्रक पाळले, कारण त्यात काय करायचे ते सांगितले होते.

डिसेंबरात पुण्याचे पहिले पत्र आले. टाकीची सकाळची उंची एरवी बावीस इंचांच्या आसपास असताना ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ती तीन-चार दिवस सव्वीसपर्यंत का गेली, याचा खुलासा मागितला होता. जनावरांची संख्या सहाच, शेगडीचे तासही तेवढेच. मग जादा वायू आला कुठून? खुलासा समाधानकारक नसेल तर नवव्या कलमाप्रमाणे कार्यवाही होईल, असेही होते.

औताड्यांच्या ओट्यावर पत्र वाचून झाले. पुंजाराम म्हणाले, "जादा आला म्हनून टाकी नेत्यात? कमी आला असता तर?"

"तरी नेली असती," गुरुजी म्हणाले.

"मग ठिवत्यात कवा?"

"रोज सारखा आला तर."

"म्हस तरी रोज सारखं दूध देती का?"

मनकर्णाबाईंनी वही आणून आकडे पुन्हा पाहिले. पट्टी तपासली. सव्वीस लिहिले त्या दिवशी सव्वीसच होते. गुरुजींनी खुलासा लिहिला: 'नोंदी प्रत्यक्ष मोजून घेतल्या आहेत. जादा वायूचे कारण अर्जदारास माहीत नाही.' तो खरा होता.

जानेवारीत दुसरे पत्र आले आणि गोंधळ वाढला. पुण्यातले संशोधन सहायक राधाकृष्ण पोतनीस यांनी तीन महिन्यांच्या आकड्यांचा आलेख काढला होता. टाकी प्रत्येक वेळी अमावस्येनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर गेली होती. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, एकही अपवाद नाही. बाकीच्या टाक्यांच्या नोंदींत इतके दिवस गाळलेले होते की, त्यांवरून काही सांगता येत नव्हते. चिंचवेढ्याची वहीच तेवढी पूर्ण होती. समुद्राला चंद्रामुळे भरती येते, तसा शेणातल्या जंतूंवर चंद्राचा काही परिणाम होत असावा काय, असा पोतनीसांचा प्रश्न होता. त्यांनी तो वरिष्ठांकडे मांडला, वरिष्ठांनी दिल्लीकडे. दिल्लीला त्यात रस वाटला. चिंचवेढ्याला एक प्रश्नावली आली.

'अमावस्येच्या दिवशी संयंत्रात शेणाव्यतिरिक्त जादा काही घातले जाते काय?' गुरुजींनी वाचले.

"न्हाई. काय घालायचं?"

'त्या दिवशी जनावरांची संख्या वाढते काय?'

"सहा हायती, सहाच."

'त्या दिवशी संयंत्राबाबत काही विशेष विधी केला जातो काय?'

"टाकीला नारळ फोडावा म्हनत्यात का?" पुंजारामांनी विचारले.

"विचारतायत, म्हणजे फोडू नये म्हणत असतील."

"मग न्हाई म्हनून लिव्हा."

गुरुजी ख्रिस्ती होते. अमावस्येशी त्यांचा संबंध शाळेत किती मुले आली याच्यापुरता. त्यांनी तिन्ही प्रश्नांपुढे 'नाही' लिहिले. तिन्ही उत्तरे बरोबर होती. गावात मात्र चर्चा बरेच दिवस चालली. टाकीत चंद्राचे काहीतरी आहे, हे सरकारनेच विचारले म्हटल्यावर काहीतरी असणारच, असे निम्म्या गावाचे मत पडले. लंकाबाई संध्याकाळनंतर त्या बाजूने जाईनाशा झाल्या.

मनकर्णाबाईंना चंद्राचे काही पटत नव्हते, पण दुसरे कारणही सापडत नव्हते. टाकी जाणार की राहणार, एवढेच त्या गुरुजींना दर आठवड्याला विचारत. गुरुजींना सांगता येत नव्हते. पंचायत समितीत विचारले तर टाकी आमची नव्हे म्हणाले. तिसऱ्या खात्याने कळवले की, टाकी गेल्यास नळी व शेगडी सुस्थितीत परत करावी.

पोतनीस स्वतः आले ते शनिवारी, २३ मार्च १९७४ रोजी, सकाळी आठच्या एसटीने. त्या दिवशी फाल्गुनातली अमावस्या होती आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. वय सत्तावीस-अठ्ठावीस, खांद्याला पिशवी, पिशवीत वायू मोजण्याचे यंत्र, तापमापक आणि ताणकाटा. आल्या आल्या त्यांनी चांगली बातमी दिली.

"बाई, तुमच्या नोंदींमुळे नवा प्रस्ताव तयार झाला आहे. चंद्रकला आणि मिथेनची निर्मिती. तीन वर्षांचं अनुदान मागितलंय. एकतीस मार्चच्या आत मंजूर व्हायला हवं, म्हणून आजचं निरीक्षण महत्त्वाचं. ते मंजूर झालं की तुमची टाकी विशेष निरीक्षण केंद्र होईल. तीन वर्षं कोणी हात लावणार नाही."

"आन न्हाई झालं तर?"

"तर नोंदी विसंगत ठरतील." पोतनीस जरा अवघडले. "मग टाकी दुसरीकडे जाईल. माझी जागाही तात्पुरतीच आहे."

त्यांनी टाकी पाहिली, पाण्याचे तापमान घेतले, आणि बाईंना सांगितले की, अमावस्येला जसे करता तसेच आज करा, मी फक्त बघतो.

मनकर्णाबाईंनी गोठ्यातून पाटी भरून आणली, विहिरीच्या तोंडाशी असलेल्या हौदात ओतली, पाणी घालून कालवली. दुसरी आणली. तिसरी आणली. पोतनीस वहीत वेळ लिहीत होते. चौथी पाटी आणताना बाई जरा थबकल्या. पाचवी त्यांनी गोठ्यातच खाली ठेवली.

शेण कोणी मोजत नाही. सकाळी उठून गोठ्यात जेवढे पडले असेल तेवढे उचलायचे. खेपा किती झाल्या हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्या दिवशी शेजारी एक माणूस घड्याळ घेऊन उभा होता आणि प्रत्येक खेपेला काहीतरी लिहीत होता, म्हणून त्या मोजत गेल्या. एरवी तीन पाट्यांत गोठा साफ होई.

त्यांनी वर पाहिले. दोन्ही बैलजोड्या दावणीला उभ्या होत्या. एरवी या वेळी एक जोडी मोटेवर असे. डिझेल मिळत नव्हते, इंजिन झाकून ठेवले होते आणि ऑक्टोबरापासूनच रानातल्या विहिरीवर पुन्हा मोट चालू झाली होती. दुसरी जोडी उसाची गाडी घेऊन रात्रीपासूनच साखर कारखान्याच्या वाटेवर असे. त्यांचे शेण मोटेच्या धावेवर आणि रस्त्यावर पडे; रस्त्यावरचे लंकाबाई वेचीत. पण अमावस्येला बैल जुंपत नाहीत. आदल्या संध्याकाळपासून सगळे गोठ्यातच.

पुंजाराम वैरण टाकत होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि हळू आवाजात सांगितले. पुंजारामांना समजायला वेळ लागला नाही.

"गप ऱ्हा," ते म्हणाले. "त्यो चंद्र म्हनतोय तर चंद्र."

"आन पुढं?"

"पुढं तीन वरीस गॅस. तुजा डोळा हाय, माजा न्हाई. इचार कर."

"वहीत माजं अक्षर हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आन उद्या एखादी जोडी इकावी लागली तर चंद्र कुठनं आनू?"

त्या पाचवी पाटी घेऊन बाहेर आल्या, हौदाच्या कडेला ठेवली, ओतली नाही.

"साहेब, ही पाचवी."

"बरं."

"रोज तीन हुत्यात."

पोतनीसांनी पेन्सिल थांबवली. "म्हणजे?"

"बैल आज घरीच हायती. अमावस्येला जुंपत न्हाईत. रोज त्यांचं शेन रानात आन वाटंवर पडतं. आज समदं हितं."

पोतनीसांनी गोठ्याकडे पाहिले, जणू बैल तिथे आत्ताच आले होते.

"हे तुम्ही कळवलं का नाही? मी विचारलं होतं, जादा काही घालता का."

"जादा न्हाई घालत. शेनच घालती."

"पण अमावस्येला बैल जुंपत नाहीत, हे तर लिहायला हवं होतं!"

आतून पुंजाराम म्हणाले, "ते काय लिव्हायचं? मग आमी रोज भाकरी खातो हे बी लिव्हायचं."

पोतनीस ओट्यावर येऊन बसले. थोड्या वेळाने उठून त्यांनी पिशवीतला ताणकाटा काढला आणि पाटी तोलली. बारा किलो भरली. तीन पाट्या छत्तीस, पाच पाट्या साठ. सहा जनावरांचे, दर जनावरामागे दहा किलो धरून, कार्यालयाने रोज साठच किलो शेण धरले होते. तेवढे शेण महिन्यातून एकाच दिवशी टाकीत पडत होते. बाकीचे सर्व दिवस टाकी छत्तीस किलोंवर चालत होती आणि पुण्यात तिचा हिशेब साठ किलोंनी होत होता.

शाळा सुटल्यावर गुरुजी आले तेव्हा पोतनीस तिसऱ्यांदा आकडेमोड करीत होते.

"म्हणजे नोंदी चुकीच्या?" गुरुजींनी विचारले.

"नाही. नोंदी बरोबर आहेत. तक्ता चुकीचा आहे. एका किलोमागे वायू आम्ही समजत होतो त्याच्या दीडपटीहून जास्त निघतो. दहाही ठिकाणी असंच असणार. चांगली बातमी आहे खरं तर."

"मग टाकी ऱ्हाती का?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"ते मला सांगता येत नाही."

"तुमी साहेब हाय ना?"

"मी सहायक आहे."

त्यांनी त्याच ओट्यावर अहवाल लिहिला. चंद्राचा संबंध नाही. जनावरांच्या संख्येऐवजी पाट्यांचे वजन नोंदवावे. चिंचवेढ्याच्या नोंदी दहांत सर्वांत विश्वसनीय आहेत. गुरुजींनी साक्षीदार म्हणून सही केली, पुंजारामांनी अंगठा दिला. बाईंनी उरलेली पाटी हौदात ओतली. दुपारच्या एसटीने पोतनीस गेले. त्यानंतर ते चिंचवेढ्यात कोणाला दिसले नाहीत. एप्रिलच्या पत्रावर दुसरीच सही होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी दोन लिफाफे आले. पहिल्यात होते की, चंद्रकला आणि मिथेन या तीन वर्षांच्या निरीक्षणास ३० मार्च रोजी मंजुरी मिळाली असून चिंचवेढे हे विशेष केंद्र राहील. सोबत नवा तक्ता होता. त्यात चंद्रासाठी एक रकाना वाढवला होता. पाट्यांचा नव्हता. दुसरा लिफाफा त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या विभागाचा. २३ मार्चच्या अहवालावरून प्रत्यक्षात रोज सारखे शेण घातले जात नव्हते असे दिसून आल्याने नोंदी विसंगत ठरवण्यात येत आहेत. टाकी ताब्यात घेण्यासाठी माणसे पाठवली जात आहेत.

"ह्यातलं खरं कंचं?" मनकर्णाबाईंनी विचारले.

गुरुजींनी दोन्हींवरचे शिक्के पाहिले. "दोन्ही."

टेम्पो आला बुधवारी. त्यात एक कारकून, दोन मजूर आणि साखळदंड. कारकुनाने टाकी पाहिली, ती काढायला विहीर उपसावी लागेल का असे विचारले, आणि ताबापावती पुढे केली. मनकर्णाबाईंनी ती घेतली नाही. आत जाऊन पहिला लिफाफा आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने पत्र वाचले, मग आपल्याजवळचा हुकूम वाचला, मग पुन्हा पत्र.

"हे तर आमच्याच ऑफिसचं आहे."

"व्हय. ते बी तुमचंच हाय."

"पण विशेष केंद्राची टाकी मी कशी नेणार?"

"मला काय इचारता?"

"आणि नाही नेली तर हुकूम मोडतो."

लंकाबाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. "निम्मी न्या," त्यांनी सुचवले.

मजूर टेम्पोच्या सावलीत बसले. बाईंनी शेगडीवर सगळ्यांना चहा केला. कारकुनाने तो पिताना दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडीवर ठेवले होते. शेवटी त्याने दोन्हींच्या तारखा आणि क्रमांक आपल्या डायरीत टिपून घेतले. "वर विचारून येतो," म्हणाला. साखळदंड पुन्हा टेम्पोत पडला.

तो अजून आलेला नाही. टाकी जागेवर आहे. ती चंद्रामुळे राहिली की दोन विभागांत कागद अडकल्यामुळे, हे चिंचवेढ्यात कोणाला सांगता येत नाही. पुण्यात विचारले असता संबंधित फाईल दिल्लीला आहे, असे उत्तर मिळते. मनकर्णाबाई रोज सहा वाजता पट्टी लावतात. डोळा कोरडा आहे.

नवा तक्ता त्यांनी वापरायला घेतला, पण चंद्राच्या रकान्याच्या मधोमध पट्टीने एक उभी रेघ मारून त्याचे दोन केले. दुसऱ्याच्या डोक्यावर 'पाट्या' असे लिहिले. छापील तक्त्यात फेरफार चालत नाही, असे गुरुजींनी सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, चालत नसेल तर कळवतील.

जूनचा तक्ता पुण्याला गेला आहे. त्यात वीस तारखेपुढे त्यांच्या वळण नसलेल्या अक्षरात नोंद आहे: जनावरे सहा. टाकी बावीस. चंद्र नाही. पाट्या पाच.